साखळीला बांधलेलं कुत्रं: त्याला नेमकं काय होतं, कायदा काय म्हणतो आणि सोडवायचं कसं

मळ्यात, फार्महाऊसच्या गेटपाशी, बांधकामाच्या साईटवर, वॉचमनच्या खोलीमागं, बंगल्याच्या जिन्याखाली, कुठंही बघा एक कुत्रं साखळीला असतंच. लहानपणापासून बघतोय आपण, त्यामुळे डोळ्यांना काही खटकतच नाही. आणि मालक काही राक्षस नसतो हो, दोन वेळची भाकरी घालतो, नावानं हाक मारतो, ते मेलं की दोन दिवस जेवण गोड लागत नाही त्याला. तरी त्या कुत्र्याचं अख्खं आयुष्य चार-पाच फुटांत संपतं. आणि हे बेकायदेशीर आहे, कालपरवाच्या नियमानं नाही तर १९६० च्या कायद्यानं, हे मात्र दहातल्या नऊ जणांच्या गावीही नसतं, म्हणून म्हटलं एकदा सगळं सोपं करून लिहावं.

आधी एक क्लिअर करते. फिरायला नेताना पट्टा लावणं, पाहुणे आले म्हणून अर्धा तास बांधणं, आंघोळ घालताना खांबाला अडकवणं, यातलं काहीच मी म्हणत नाहीये. मी बोलतेय ते सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत आणि बरेचदा रात्रीसुद्धा, महिनोन्‌महिने एकाच खुंटीला असलेल्या कुत्र्याबद्दल. पिल्लू म्हणून आणलं, दोन महिने घरभर उड्या मारल्या, मग चपला फाडायला लागलं म्हणून बांधलं आणि मग ते सुटलंच नाही, अशी ही बहुतेक सगळ्यांची स्टोरी.

चार फुटांचं गणित

साखळी चार फुटांची असेल तर कुत्र्याला मिळणारं वर्तुळ होतं साधारण ५० चौरस फुटांचं, म्हणजे तीन सिंगल बेडच्या जागेपेक्षाही थोडं कमीच. तेसुद्धा खुंटी मोकळ्या जागेत असेल तर. भिंतीतल्या कडीला किंवा गेटच्या गजाला बांधलं की निम्मंच, २५. आता त्या एवढ्याशा जागेत खायचं, झोपायचं, पावसात भिजायचं आणि शी-शू पण तिथंच करायची. कुत्रं हे जात्याच स्वच्छ जनावर आहे, झोपायच्या जागेपासून लांब जाऊन विधी करायचा ही त्याची उपजत सवय, दोन-तीन आठवड्यांची पिल्लंसुद्धा धडपडत अंथरुणाच्या बाहेर जातात. त्याला रोज स्वतःच्याच घाणीशेजारी बसायला लावणं हा त्रास आपल्याला दिसत नाही कारण ते ओरडून सांगत नाही, आणि ओरडलं तर आपण म्हणतो उगाच भुंकतंय.

पाण्याचं भांडं ठेवलेलं असतं, नाही असं नाही, पण साखळी ओढली जाते, भांड्याला अडकते, भांडं पालथं. सकाळी दहाला पाणी सांडलं की संध्याकाळी कुणी शेतातून परत येईपर्यंत घसा कोरडा. आणि सावलीचं तर कुणी लक्षातच घेत नाही. सकाळी आठला जिथं लिंबाची मस्त सावली असते तिथं दुपारी एकला रणरणतं ऊन असतं, सावली सरकते पण खुंटी सरकत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गाद्यांना थोडाफार येतो तेवढाच, बाकी अंग थंड करायचं ते जीभ बाहेर काढून धापा टाकूनच. त्यासाठी अंगात पाणी लागतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात, पारा ४३-४४ ला असताना, पाणी नाही सावली नाही अशा जागी बांधलेलं कुत्रं तासा-दोन तासात उष्माघातानं जाऊ शकतं. वर पत्र्याचं पिंप आडवं टाकून 'घर केलंय त्याला' म्हणणारे खूप, ते पिंप दुपारी तव्यासारखं तापतं, त्यात कुत्रं जाईल कसं! त्यात हस्की आणि सेंट बर्नार्डसारखी बर्फातली, दाट केसांची कुत्री हौसेनं आणून फार्महाऊसवर बांधून ठेवणारे लोक बघितले की मला खरंच राग आवरत नाही.

पावसाळ्यात वेगळं. वर्तुळाचा चिखल होतो, पंजे कायम ओले, बोटांमध्ये जखमा, गोचीड आणि माश्या कानाची टोकं खाऊन रक्त काढतात. मोकळं कुत्रं पळतं, लोळतं, कोरड्या जागी जातं. बांधलेलं फक्त कान झटकतं. बसून बसून कोपरांना घट्टे पडतात, चालणं नसल्यामुळं नखं वळून वाढतात, साखळी चावून चावून पुढचे दात झिजतात.

आणि मान. हे जरा सविस्तर सांगते, कारण हे प्रकरण मी फार जवळून बघितलंय. द्राक्षबागेतल्या मोटारीच्या खोलीशेजारी एक कुत्री असायची, पिवळसर, उंच पायांची, कारवानी वळणाची, म्हणजे जी जात मुळात पळण्यासाठीच बनलीय, सशामागं वाऱ्यासारखी सुटणारी. पिल्लू असताना गळ्यात नायलॉनचा पट्टा घातला आणि मग तो सैल करायचा राहून गेला. पिल्लू वाढलं, मान वाढली, पट्टा तेवढाच. आधी केस गेले, मग कातडी सोलली आणि मग कातडीनंच पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी चढायला सुरुवात केली. लांबून काहीच कळत नव्हतं, वरून केस होते ना, कळलं ते वासानं. जवळ बसून केस बाजूला केले तर पट्टा दिसतच नव्हता, नुसती एक ओली खोबण, आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. आणि ती कुत्री शेपटी हलवत माझा हात चाटत होती. मालक आजोबा शेजारी उभे, त्यांनाही धक्काच बसला, 'रोज भाकरी टाकतोय की ताई, पण वाकून कोण बघतंय' म्हणाले. खोटं बोलत नव्हते ते. बांधलेल्या कुत्र्याला रोज खायला घालणारा हात असतो पण त्याच्या अंगावरून हात फिरत नाही, जखमा दिसत नाहीत त्या यामुळंच.

(असा रुतलेला पट्टा दिसला तर प्लीज स्वतः कात्री घेऊन कापायला जाऊ नका. मानेत मोठ्या रक्तवाहिन्या असतात, डॉक्टर भूल देऊनच तो काढतात.)

नसबंदी न झालेली मादी बांधलेली असेल तर आणखी वाईट. ती माजावर आली की आसपासचे सगळे कुत्रे जमतात आणि तिला पळताही येत नाही, लपताही येत नाही. मग त्याच खुंटीला पिल्लं होतात, ती साखळीच्या टप्प्याबाहेर रांगत गेली तर आईला आणताही येत नाहीत.

बांधलं की कुत्रं 'कडक' होतं?

हा समज गावात आणि शहरात दोन्हीकडं घट्ट आहे, की बांधून ठेवलं की कुत्रं तिखट होतं आणि राखण चांगली करतं. यातलं पहिलं अर्धं खरं आहे, दुसरं नाही.

कोणत्याही जनावराला भीती वाटली की दोनच रस्ते असतात, पळायचं नाहीतर लढायचं. बांधलेल्या कुत्र्याचा पळायचा रस्ता आपणच बंद केलेला असतो, मग प्रत्येक अनोळखी माणूस, सायकल, शेजारचं मांजर, सगळ्यावर धावून जाणं एवढंच उरतं. धावलं की साखळी हिसका देते, मानेला दुखतं, आणि कुत्र्याच्या डोक्यात जोडलं जातं की माणूस आला की दुखतं. हे दिवसाला वीस वेळा, वर्षानुवर्षं. त्यात पिल्लू ३ ते १४ आठवड्यांचं असताना जगाची ओळख होण्याचा जो काळ असतो, तेव्हा माणसं, मुलं, आवाज, इतर कुत्री हे सगळं बघायला मिळालं नाही तर पुढं नवीन गोष्टीची भीतीच बसते. आपण तेव्हाच त्याला खांबाला बांधतो.

अमेरिकेत डेन्व्हर शहरात माणसांना चावलेली आणि न चावलेली कुत्री यांची तुलना करून एक अभ्यास झाला होता, १९९४ मध्ये पीडियाट्रिक्स या लहान मुलांच्या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये आला. त्यात अंगणात साखळीला बांधलेलं असण्याचा आणि चावण्याचा संबंध जवळजवळ पावणेतीन पट निघाला, नसबंदी न झालेल्यांचा अडीच पटीहून जास्त. आता कुणी म्हणेल चावकं होतं म्हणूनच बांधलं असेल, आणि काही केसमध्ये तसं असेलही, पण कुत्र्याचं वागणं बघणारे बरेच जण सांगतात की बांधल्यानं आधीचं चावकेपण कमी होत नाही, वाढतं. आणि धोका सगळ्यात जास्त कुणाला, तर नकळत साखळीच्या टप्प्यात शिरणाऱ्या लहान पोराला.

राहिली राखण. बांधलेलं कुत्रं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकतं, त्यामुळं काही दिवसांनी घरातलेच लक्ष द्यायचं सोडतात. चोराला साखळी किती लांब आहे ते दिवसाच दिसतं. कंपाउंडमध्ये मोकळं फिरणारं आणि रात्री उंबऱ्याशी झोपणारं कुत्रं, ज्याला घरातलं कोण आणि बाहेरचं कोण हे कळतं, ते खरं राखणदार. 

आणि आपल्याकडं जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर या पट्ट्यात तर बिबट्या आहे. अकोले भागात बिबट्या काय खातो यावर विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी विष्ठा तपासून अभ्यास केला, २०१४ मध्ये तो प्रसिद्ध झाला, त्यात बिबट्याच्या एकूण खाण्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला. उसाच्या कडेला, घराबाहेर, रात्री साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला घराच्या दारापर्यंत दिलेलं आमंत्रण. ते पळू शकत नाही आणि बिबट्याला मात्र वस्तीवर यायची सवय लागते. कितीतरी ठिकाणी सकाळी नुसती साखळी आणि पट्टा सापडतो. या पट्ट्यात कुत्र्याला रात्री पडवीत, गोठ्यात, दार लावून आत घ्या, हे माणसांच्या सुरक्षेसाठी पण गरजेचं आहे.

साखळी तोडून पळवू नका

असं कुत्रं बघितलं की तरुण पोरांच्या डोक्यात पहिला विचार येतो तो रात्री जाऊन कटरनं साखळी तोडायचा. भावना समजते मला, पण करू नका. कायद्याच्या नजरेत कुत्रं ही मालकाची मालमत्ता आहे, नेलं तर चोरी आणि आवारात शिरलात तर अतिक्रमण, गुन्हा तुमच्यावर. अमेरिकेतली डॉग्ज डिझर्व्ह बेटर ही संस्था २००२ पासून फक्त याच एका विषयावर काम करत आली, त्यांचे कार्यकर्ते लोकांना कळावं म्हणून स्वतःला कुत्र्याच्या घराला साखळीनं बांधून घेऊन दिवसभर बसायचे. २००६ मध्ये त्याच संस्थेच्या संस्थापिकेनं पेनसिल्व्हेनियात साखळीला मरायला टेकलेलं एक म्हातारं कुत्रं उचलून नेलं, परत द्यायला नकार दिला, तर त्यांना अटक झाली आणि पुढच्या वर्षी चोरीसाठी दोषी ठरवलं गेलं. कुत्र्याचे शेवटचे काही महिने गादीवर गेले हे चांगलंच झालं, पण प्रत्येकाला ते परवडणारं नाही. आणि दुसरं म्हणजे, मालक आठ दिवसांत नवीन पिल्लू आणून त्याच खुंटीला बांधतो. खुंटी रिकामी झाली म्हणजे काम झालं असं नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की साखळीमागं मालकाची एक अडचण असते, ती शोधा, ती सुटली की साखळी सुटते. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये कोअॅलिशन टू अनचेन डॉग्ज नावाच्या ग्रुपनं हेच ओळखलं. त्यांनी बघितलं की ज्यांची कुत्री बांधलेली आहेत त्यातले बरेच जण गरीब आहेत, कुंपण घालायला पैसे नाहीत, मग स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी खांब, जाळी, हातोड्या घेऊन जायचे आणि फुकटात कुंपण घालून द्यायचे, सोबत नसबंदी आणि लस. भाषणबाजी नाही. मला या सगळ्या विषयात सगळ्यात शहाणपणाचं काम हेच वाटतं.

आपल्याकडं हे कसं करायचं? पहिल्या भेटीत कुत्र्याचा विषयच काढू नका. 'मावशी, जरा पाणी मिळेल का' म्हणून अंगणात जा, दोन गोष्टी बोला, मग कुत्र्याचं नाव विचारा. नाव विचारलं की माणूस खुलतो. मग सहज विचारा, मोकळं सोडत नाही का हो? इथं खरं कारण बाहेर येतं. 'सोडलं की शेजारच्याच्या कोंबड्या धरतंय, मग भांडण कोण निस्तरणार.' 'रोडवर जातंय, मागचं गाडीखाली आलं.' 'सूनबाईला भीती वाटतीय.' 'सोसायटीवाले बोंबलतात.' 'पोस्टमनला चावलं होतं एकदा.' प्रत्येक उत्तराला वेगळा इलाज आहे, आणि 'तुम्ही किती क्रूर आहात' हा त्यातल्या एकाचाही इलाज नाही.

भटकतंय, माद्यांमागं जातंय, भांडतंय असं असेल तर आधी नसबंदी. त्यानं भटकणं बऱ्याच नरांमध्ये कमी होतं, आणि पुढच्या पिल्लांचा प्रश्नही मिटतो. कुंपण नाही ही अडचण असेल तर सगळ्या शेताला घालायची गरजच नसते, घरामागची थोडी जागा अडवली तरी पुरते, चेन-लिंक जाळी परवडत नसेल तर जुने पत्रे, बांबू, कोकणात गडग्याची जुनी भिंत असतेच तिच्यावर दोन फूट जाळी, जे हाताशी असेल ते. जाळीच्या तळाशी दगड रचा नाहीतर कुत्रं उकरून बाहेर येतं. कोंबड्यांचा प्रश्न असेल तर कोंबड्यांचं खुराडं बंद करणं हे कुत्रं जन्मभर बांधण्यापेक्षा सोपं पडतं.

जाळी शक्यच नसेल तर मधला मार्ग म्हणून दोन झाडांच्या मध्ये डोक्याच्या वर तार ताणायची, तिच्यावर सरकणारी कडी आणि त्या कडीला हलकी दोरी. कुत्र्याला वीस-तीस फूट तरी ये-जा करता येते. तारेच्या दोन्ही टोकांना झाडाच्या आधीच गाठ किंवा क्लिप लावून अडवा म्हणजे दोरी बुंध्याला गुंडाळली जाणार नाही, दोरी गळ्याला नको, छातीच्या हार्नेसला लावा, आणि जवळ भिंत किंवा कठडा नको, उडी मारली तर फास बसतो. हा कायमचा उपाय नाही हं, तात्पुरता आहे, यावर समाधान मानून थांबू नका.

तेवढ्यात करण्यासारखं अजून खूप असतं. लोखंडी जड साखळीच्या जागी हलकी आणि फिरती कडी असलेली लांब दोरी, गळ्यात दोन बोटं आरामात जातील एवढा सैल रुंद पट्टा, पालथी पडणार नाही अशी जड सिमेंटची कुंडी पाण्याला, सावलीसाठी शेडनेटचा तुकडा, झोपायला जमिनीपासून वर उचललेली फळी. एखाद्या शेजारच्या पोराला सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरवायला तयार करा, पोरं आनंदानं येतात. फिरायला लागलेलं कुत्रं आठवड्याभरात कमी भुंकतं, आणि हे मालकाला स्वतःला जाणवलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

आणि व्हिडिओ काढून मालकाच्या नावासकट व्हायरल करणं टाळा. मला माहितीये त्यानं पटकन प्रतिसाद मिळतो, पण मालक एकदा बिथरला की दार कायमचं बंद, आणि दोन दिवसांत कुत्रं 'हरवतं', म्हणजे कुठंतरी हायवेला सोडून दिलेलं असतं.

मालकालाच नको असेल, आणि असं बरेचदा असतं, तर साध्या कागदावर लिहून घ्या की मी हे कुत्रं स्वखुशीनं देत आहे, तारीख, सही, कुत्र्याचा फोटो. नेण्याआधी जागा पक्की करा. आपल्याकडची शेल्टर्स कायम फुल असतात आणि साखळीतून काढून शेल्टरच्या छोट्या पिंजऱ्यात टाकलं तर फार काही बदललं नाही. घर किंवा फॉस्टर, म्हणजे तात्पुरतं सांभाळणारं कुणी, मिळेपर्यंत त्याच जागी परिस्थिती सुधारत राहणं हे कितीतरी वेळा जास्त बरं असतं.

सुटल्यानंतर

लोकांना वाटतं साखळी काढली की कुत्रं आनंदानं धावत सुटेल. काही धावतात. पण वर्षानुवर्षं बांधलेली बरीच कुत्री मोकळी झाली तरी तेवढ्याच गोलात फिरत राहतात, जिथं साखळी संपायची तिथं पाऊल थांबतं. द्राक्षबागेतली ती कुत्रीही जखम भरल्यावर नव्या घराच्या अंगणात कोपरा धरून बसायची, जेवण लांब ठेवलं तर नुसती बघत राहायची, वाटी रोज एक-एक हात पुढं सरकवावी लागली. घाई करू नका, ओढू नका. आधी डॉक्टर, रेबीजची लस, जंताचं औषध, गोचीड असतील तर रक्त तपासणी, कारण गोचीड तापात कुत्रं आतून पोखरलं जातं. उपाशी असेल तर पहिल्याच दिवशी ताट भरून देऊ नका, थोडं-थोडं दिवसातून चार वेळा, एकदम खाल्लं तर जिवावर बेतू शकतं. मुलं आणि दुसरी कुत्री पहिल्या दिवसापासून अंगावर आणू नका. आणि या धावपळीत कुणाला चावलं तर, कितीही छोटं असो, जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच सरकारी दवाखान्यात लसीसाठी जा, हळद-चुना लावत बसू नका.

आता कायदा

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्राचा कायदा, त्याचं कलम ११(१). त्यातलं पोटकलम एफ सांगतं की जनावराला अवाजवी वेळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीला बांधून ठेवणं हा गुन्हा. पोटकलम जी तर खास कुत्र्यासाठीच आहे, नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसा व्यायाम दिला नाही तर तोही गुन्हा. एच म्हणजे पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं. आणि आय म्हणजे उपासमार होईल अशा रीतीनं सोडून देणं, कुत्रं हायवेला सोडून येणाऱ्यांसाठी. म्हणजे शब्दांत काही कमी नाही.

कमी आहे ती शिक्षा. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हो, पन्नास. तीन वर्षांच्या आत परत केला तर २५ ते १०० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. १९६० चे आकडे आहेत आणि अजून तेच आहेत. २०२२ मध्ये केंद्रानं दुरुस्तीचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी काढला होता, त्यात दंड वाढवायचं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. शिवाय वरची कलमं अदखलपात्र आहेत, म्हणजे पोलिस एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतात आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत केस उभी राहावी लागते ही अटही आहे, म्हणून तारखा महत्त्वाच्या.

दुसरीकडं बघा, ऑस्ट्रियात कुत्रं साखळीला बांधायला २००५ पासून बंदी, जर्मनीत कायम बांधून ठेवण्यावर २०२२ पासून बंदी. कॅलिफोर्नियात २००७ पासून एका जागी बांधायचं तर दिवसातले जास्तीत जास्त तीन तास. पेनसिल्व्हेनियात २०१७ चा कायदा आला, लिब्र नावाच्या हाल झालेल्या एका पिल्लाच्या नावानं ओळखतात त्याला, त्यात २४ तासांत नऊ तासांची मर्यादा आणि फार ऊन किंवा बर्फाळ थंडी असेल तर फक्त अर्धा तास. तास, फूट, तापमान असं मोजता येणारं लिहिलंय तिथं. आपल्या कायद्यातला 'अवाजवी' कोण मोजणार? माझ्या मते आपल्याकडं मागणी करायची तर आधी हीच करायला हवी, की दंड वाढवा आणि सोबत तास आणि फूट लिहा.

तरी आहे तो कायदा निरुपयोगी नाही. दोषी ठरला तर कलम २९ खाली कोर्ट कुत्र्याची मालकी काढून घेऊ शकतं, आणि २०१७ च्या नियमांप्रमाणं जप्त जनावर केस चालू असताना पांजरपोळ किंवा प्राणी संस्थेकडं ठेवता येतं. जाणूनबुजून इजा करून जनावर मारलं किंवा अपंग केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद, आणि तो दखलपात्र आहे. बैलगाडा शर्यत आणि जल्लीकट्टूच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ७ मे २०१४ ला प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं मान्य केली, भूक-तहानेपासून, वेदनेपासून, भीतीपासून आणि अस्वस्थतेपासून मुक्ती आणि नैसर्गिक वागण्याची मोकळीक. शर्यतींचं पुढं कायदा बदलून आणि २०२३ च्या निकालानं वेगळं झालं, पण अर्जात या पाच गोष्टींचा उल्लेख करता येतो.

प्रत्यक्षात बहुतेक वेळा केस कोर्टापर्यंत जातच नाही, ठाण्यातून एक फोन गेला, हवालदार एकदा येऊन 'काय हो, कुत्र्याला पाणी का नाही' म्हणून गेला की साखळी लांब होते. पण तो फोन जायचा तर अर्ज नीट हवा. कोरड्या भाषेत लिहा, शिव्या नकोत, जात-धर्म-भाडेकरू असलं काही नको. कुत्रं कुठं आहे, कशाला बांधलंय, साखळी अंदाजे किती फुटांची, कोणत्या तारखांना किती वाजता बघितलं, पाणी होतं का, सावली होती का, जखम आहे का. रस्त्यावरून, आवारात न शिरता काढलेले वेगवेगळ्या दिवसांचे फोटो जोडा, दुपारचा एक तरी असू द्या. मालकाशी बोललात ती तारीख आणि त्याचं उत्तरही लिहा. खाली कलम ११(१) एफ, जी, एच. जखम असेल तर पशुवैद्यकाची चिठ्ठी जोडली की वजन वाढतं, आणि सरकारी फिरता दवाखाना १९६२ नंबरवर बोलवता येतो. अर्जाच्या तीन प्रती काढा, एक पोलिस स्टेशनला, एक जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला, ती तुमच्याकडं नुसती कागदावर असेल तर जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाला, आणि तिसऱ्या प्रतीवर दोन्हीकडचे शिक्के आणि तारीख घेऊन ती स्वतःजवळ ठेवा.